हिची सुई

३ जानेवारी

छापखान्याचे मालक दर वर्षी मला एक डायरी देतात. त्यांच्या दुकानाची पाटी मी रंगवली त्याला इतकी वर्षं झाली की पाटीवरचा लाल रंग आता गुलाबी झालाय, पण डायरी काही चुकत नाही. पूर्वी मी तिच्यात ऑर्डरी लिहायचो. अमुक दवाखाना, अक्षर नऊ इंची, पिवळ्यावर काळं. आता पाट्या यंत्रातून छापून निघतात, पेंटरला कोण विचारतो. तेव्हा यंदा घरचंच लिहायचं ठरवलं. घरात आम्ही दोघंच, मी आणि ही. मुलगी लांबच्या गावी असते, रविवारी फोन करते.

घरचं म्हणजे मुख्य काम हिच्या इन्सुलिनचं. सकाळी न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. साखरेने हिच्या डोळ्यांच्या पडद्याला धक्का दिला, तेव्हापासून सिरिंजवरच्या बारीक रेघा हिला दिसत नाहीत. मोठं दिसतं, बारीक सगळं धुक्यात. त्यामुळे भरणं आणि टोचणं दोन्ही माझ्याकडे. मला त्याचा त्रास नाही, अभिमानच आहे. दोरी न धरता भिंतीवर सरळ रेघ ओढणारा हात आहे हा. रंगाचा डबा हलवावा तशी बाटली खळखळ हलवायची, बरोबर रेघेपर्यंत ओढायचं, आणि बेंबीच्या डावीकडे दोन बोटांवर टोचायचं. जागा ठरलेली. तिथे हिला काही कळतच नाही. डॉक्टरांसमोर ही स्वतः म्हणाली होती, यांनी टोचलेलं मला समजतसुद्धा नाही.

आज मात्र म्हणाली, जरा लागलं. मी म्हटलं दिवा मंद आहे. दुपारी जाऊन मोठा दिवा घेऊन आलो.

९ जानेवारी

बँकेत सही जुळत नाही म्हणून कारकुनाने पुन्हा पुन्हा करायला लावली. मी त्याला सांगितलं की या बँकेच्या दारावरची पाटी माझ्या हातची आहे. तो म्हणाला, पाटी फार छान आहे काका, सही परत करा. हल्लीच्या मुलांना माणसाची पारख नाही.

दाढी करताना हनुवटीला कापलं. पातीही पूर्वीसारखी येत नाहीत.

हिची साखर काही केल्या अडीचशेच्या खाली येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा डोस वाढवला. मी एवढ्या नेमाने टोचतो आणि साखर वरच. मला संशय आहे की ही चोरून गोड खाते. तोंडाने काही बोललो नाही, बिस्किटांचा डबा उचलून कपाटावर ठेवला.

१० जानेवारी

डबा हलवलेला हिला लगेच कळलं. बारीक दिसत नसलं तरी घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते हिच्या हातांना पाठ आहे. म्हणाली, "वर ठेवलात ते बरं केलंत. मी काही त्याला हात लावत नव्हते." मग दिवसभर कामापुरतंच बोलली.

१५ जानेवारी

पाटी रंगवताना मनगट टेकवायला आम्ही एक काठी वापरतो, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. माळ्यावरून ती काढून आणली. इन्सुलिन देताना मनगट त्या काठीवर टेकवलं की जास्त नेमकेपणा येतो. ही पलंगावर पडून होती. कापडाचा गोळा पोटाला लागला तेव्हा म्हणाली, हे काय नवीन. मी म्हटलं, शास्त्रशुद्ध पद्धत. त्यावर ही हसली नाही. एरवी हसली असती.

२२ जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

सकाळी टोचताना सुई जरा बाजूला गेली. नेहमीच्या जागेपासून चांगली चार बोटं. काठी निसटली, दुसरं काही नाही. हिने "आई गं" केलं. मी म्हटलं, गेलं ना औषध आत, झालं तर मग. न्याहारी झाली. थोड्या वेळाने मी पेपर वाचत होतो आणि ही आतून काहीतरी बोलत होती. नीट ऐकलं तर बोलण्याला अर्थच नव्हता. "नंबर सांगा, नंबर सांगा," असं म्हणत होती. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिथलं काहीतरी. आत जाऊन बघतो तर घामाने साडी चिंब, ओठ पांढरे, नजर भलतीकडेच. साखर उतरली हे मला कळलं. बोटाला टोचून बघायला गेलो तर पट्टी यंत्रात जाईना. पट्टी टाकून दिली आणि साखरेची बरणी घेतली. झाकण उघडेना. हात असे उडत होते की बरणी टेबलावर खडखडत होती. शेवटी जमिनीवर बसून ती गुडघ्यांत धरली आणि झाकण फिरवलं. निम्मी साखर फरशीवर सांडली. उरलेली मुठीने पाण्यात कालवून घोटघोट हिला पाजली. पाणीही अर्धं हिच्या अंगावर.

हळूहळू हिच्या चेहऱ्यावर रंग आला. मला ओळखलं. मग हिने पायाने फरशी चाचपली, साखर लागली तशी तळवा उचलला. माझे हात आपल्या हातांत घेतले आणि तसेच धरून ठेवले. ते थांबेपर्यंत सोडले नाहीत.

"घाबरलात तुम्ही," म्हणाली.

मी म्हटलं, घाबरीन नाही तर काय. घाबरल्यावर कुणाचेही हात कापतात.

२४ जानेवारी

हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून आम्हाला मधुमेह विभागातल्या सिस्टरकडे पाठवलं. बाई वयाने आमच्या मुलीएवढी, अंगाने दांडगी, आवाज खणखणीत. हिला झोपवून पोटावरून सपाट बोटं फिरवू लागली आणि माझ्या त्या ठरलेल्या जागेवर थांबली. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. कातडीखाली रबरासारखा गोळा लागला, लिंबाएवढा.

सिस्टर म्हणाली की वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी इन्सुलिन दिलं की तिथे अशी गाठ होते. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणसाला ती जागा आवडते. पण तिथून औषध धड शोषलं जात नाही. कधी आज, कधी उद्या, कधी नाहीच. त्यामुळे साखर वर राहते, डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि एक दिवस चुकून सुई चांगल्या जागेत गेली की तो वाढवलेला सगळा डोस एकदम लागू पडतो. परवा तेच झालं. आणि बाटली अशी हलवायची नसते म्हणे. दोन तळव्यांमध्ये हलकेच घोळवायची. फ्रिजमधून काढून गारच टोचायचं नाही, त्याने झोंबतं.

मी म्हटलं, आजवर कुणी सांगितलं नाही. सिस्टर म्हणाली, आजवर कुणी पोट चाचपलं नाही, ही आमची चूक, काका. असं म्हणाल्यावर भांडायलाही जागा उरली नाही.

डॉक्टरांनी डोस चौतीसचा चोवीस केला. गाठीला हात लावायचा नाही, रोज नवी जागा.

परत येताना रिक्षात आठवलं, मी बिस्किटांचा डबा वर ठेवला होता. घरी आल्यावर खाली काढून ठेवला.

२५ जानेवारी

दिवसभर माळ्यावरचे जुने ब्रश धूत बसलो.

२९ जानेवारी

हिने आज एकदम जाहीर केलं की यापुढे सुई आपली आपण घेणार. मला वाटलं चेष्टा करतेय. तर म्हणाली, धाकट्या बहिणीने बोलावलंय, महिनाभर ये म्हणतेय, तिचं घर मोकळं मोकळं झालंय. मी म्हटलं की जाऊ दोघं. तर म्हणे बायकांत तुम्ही कशाला, मला एकटीला जायचंय. मी म्हटलं, अगं, तुला रेघा दिसत नाहीत. तर हिने सिस्टरला आधीच विचारून ठेवलेलं. रेघांची सिरिंज नको, पेन मिळतं. मागची चकती फिरवली की दर युनिटाला टक् असा आवाज येतो.

मी विचारलं की माझं काय चुकलं ते सांग, जागा मी आता बदलतोच आहे. ही म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. मला शिकायचंय, एवढंच."

एवढंच. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली आणि आता हिला बहिणीकडे एकटीने राहायचंय. हट्टी पहिल्यापासूनच आहे.

३ फेब्रुवारी

पेन आलं. दिसायला खरंच पेनासारखं. सिस्टरने दोघांना समोर बसवून शिकवलं. नवी सुई लावायची, दर वेळी नवी. आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते बघायचं. चकती शून्यावर आणायची, तिथे ती अडते, हाताला कळते. मग टक्टक् मोजायचं. सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबायचं, आणि दहा आकडे मोजल्याशिवाय बाहेर काढायची नाही, नाहीतर औषध परत गळतं. सिस्टरने बजावलं की नुसत्या कानावर विसंबायचं नाही. एक भिंग दिलं, दिव्याचं. मोजून झाल्यावर आकडा भिंगातून बघायचाच, आणि निदान सुरुवातीचे आठवडे काकांनी तपासायचा.

म्हणजे मी तपासनीस. ठीक आहे.

६ फेब्रुवारी

ही दिवसभर भांडी घासायच्या स्पंजला सुया टोचत बसते. जुन्या पेनात नुसतं पाणी भरून सिस्टरने सरावाला दिलंय. टेबलाशी ताठ बसते, मान थोडी तिरकी, एक कान पेनाकडे. एक्स्चेंजमध्ये अशीच बसत असणार. मी कधी बघितलं नव्हतं. तिथे आत बाहेरच्यांना सोडत नसत.

मी आकडा तपासतो. एकदाही चुकली नाही. आज मी मुद्दाम मोजताना मध्येच विचारलं, संध्याकाळी भाजी कुठली. मुद्दाम विचारलं हे इथे लिहून ठेवतो. हिने चकती परत शून्यावर नेली, पहिल्यापासून मोजली आणि मग म्हणाली, "लाइन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं."

१० फेब्रुवारी

आज खरी सुई. सिस्टरने आज सकाळची वेळ ठरवून दिली होती. ही खुर्चीत बसली, पोटाची जागा ठरवली, चिमटीत कातडी धरली, पेन टेकवलं आणि थांबली. हात पुढे जाईना. इतकी वर्षं मी टोचत आलो, ही ओठसुद्धा हलवत नसे. स्वतःच्या अंगात स्वतः सुई घालायची म्हटल्यावर चेहरा घामेजला. तीनदा टेकवली, तीनदा उचलली. शेवटी पेन टेबलावर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

मी म्हटलं, राहू दे, मी देतो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. बायको रडत होती आणि मला बरं वाटलं. डायरीत खोटं लिहून काय उपयोग.

ही पलंगावर पडली. मी पेन घेतलं. काठी नव्हती, काठी हिने माळ्यावर परत ठेवून दिलेली. सुई टेकवायला गेलो तर ती कातडीवर नुसती नाचायला लागली. एकदा इकडे, एकदा तिकडे. बारीक ओरखडा उठला. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं तर दोन्ही हात कापायला लागले. सुई वाकडी झाली. औषध गेलंच नव्हतं, बटण दाबण्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो.

ही उठून बसली. म्हणाली, "द्या इकडे."

वाकडी सुई काढून डब्यात टाकली. नवी लावली. दोन युनिट सोडून थेंब बोटावर घेऊन बघितला. शून्य. टक् टक् टक्, मी श्वास धरून ऐकत होतो. भिंग लावलं, चोवीस. माझ्यापुढे धरलं, मी म्हटलं चोवीस. आणि मग एकदाही न थांबता, भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज, हिने सुई आत घातली. बटण दाबलं. मोठ्याने दहापर्यंत मोजलं. बाहेर काढली.

पेन टेबलावर ठेवलं. मग हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. म्हणाली, "एवढंच असतं होय हे?" शेजारीण धावत आली की काय झालं. ही तिला पोट दाखवायलाच निघाली होती, मी आवरलं.

२० फेब्रुवारी

दहा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ हीच घेते. एकदाही चूक नाही. साखर दोनशेच्या खाली आली.

आज माझीही थोडी कामगिरी. जागा बदलायची म्हणजे किती सरकायचं यावर हिचा गोंधळ होत होता. मी सांगितलं, पाटीवर दोन अक्षरांत जशी एक बोट जागा सोडतो तशी सोड. अक्षर अक्षराला चिकटलं की पाटी बिघडली. एक ओळ संपली की दुसरी ओळ, मग दुसरा परिच्छेद म्हणजे मांडी. हिला ते एकदम पटलं. आता ही सुई घेतली की म्हणते, आज दुसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर.

सिस्टरलाही हे सांगितलं. ती म्हणाली, मी आता सगळ्यांना असंच शिकवीन. मी म्हटलं, शिकवा, माझी हरकत नाही.

२ मार्च

मेहुणीचा फोन आला होता, ही आंघोळीला गेलेली. मी म्हटलं, अगं, बरं झालं तू हिला बोलावलंस. तर म्हणते, "भावोजी, मी कुठे बोलावलं? ताईनेच फोन केला, म्हणाली, मला बोलावून घे म्हणून." आणि मग घाईघाईने विषय बदलला.

हिच्याहून धाकटी, आणि आताच विसरायला लागली. हिला काही सांगितलं नाही. उगाच काळजी करेल.

२१ मार्च

ही गेली. बसमध्ये बसवून आलो. पेन, सुया, भिंग, साखरेच्या गोळ्या, वापरलेल्या सुयांचा डबा, सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी मांडीवर. मी कंडक्टरला सांगायला लागलो की यांना कमी दिसतं, यांना मधुमेह आहे. हिने खिडकीतून मला थांबवलं. त्याला स्वतःच सगळं सांगितलं, कुठे उतरायचं, घाम फुटला तर गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत. स्पष्ट, मोजकं. कंडक्टर "हो मॅडम" म्हणाला. मला आजवर कुणी कंडक्टर "हो सर" म्हणाला नाही.

घर गप्प आहे.

२६ मार्च

हिचा रोज फोन. साखर दीडशेच्या आसपास. मेहुणी फक्त आकडा बघते, एकदाही दुरुस्ती करावी लागली नाही म्हणे. दोघी रोज फिरायला जातात. ही खुशीत आहे.

मला सकाळी काम नाही. उठतो, आणि हात कशासाठी धुतो तेच कळत नाही.

३० मार्च

शर्टाची बटणं लावायला आज फार वेळ लागला. शेवटी बिनबटणाचा घातला. चहा सांडतो म्हणून कप अर्धाच भरतो. घरात कुणी बघणारं नाही, मग हे सगळं मी कुणापासून लपवतोय?

हात कापतात माझे. दिवा चांगला आहे, पातीही चांगली आहेत. बँकेतल्या त्या मुलाचंही बरोबर होतं.

वडिलांना कंपवात होता. शेवटी त्यांना घास भरवावा लागे. मी कुणाला विचारलं नाही कारण मला उत्तर नको होतं.

२२ एप्रिल

ही आज आली. मी स्टँडवर बसच्या मागच्या दाराशी उभा, मला वाटलं कुणीतरी हात धरून उतरवील. ही पुढच्या दाराने एकटी उतरली. पायरी पायाने चाचपली, उतरली, बॅग स्वतः ओढली. जरा काळवंडलीय, चेहरा मात्र असा की ओळख पटायला मला क्षणभर लागला. मी बॅग घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, तुम्ही मला धरा." खरं म्हणजे हिने मला धरलं. असो.

२५ एप्रिल

आज तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निकाल. जानेवारीत पावणेअकरा होती. आज साडेसात. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला, उठून उभे राहिले आणि हिच्याशी हात मिळवला. सिस्टरने विभागातल्या सगळ्यांना बोलावून आणलं. पोट तपासलं, जुनी गाठ मऊ होऊन बारीक झालीय. डोळ्यांच्या डॉक्टरांचाही निरोप होता की पडदा आणखी बिघडलेला नाही, आहे तसा राहिला. ही म्हणाली, आहे तसा राहिला हेसुद्धा बक्षीसच.

मला इतका आनंद झाला की मी वॉर्डबॉयला मिठी मारली.

बाहेर आलो. मी जिन्याकडे वळलो तर ही दुसरीकडे. म्हणाली, वरच्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. मी म्हटलं, तुला काय झालं नसांना?

"नंबर तुमचा आहे," ही म्हणाली.

मी तिथेच भिंतीला टेकलो. विचारलं, तुला कधी कळलं. तर म्हणाली, मागच्या वर्षीच. सकाळी तुम्ही चहा आणायचात, तेव्हा बशीत कप वाजायचा. रोज थोडा जास्त. मग विचारलं, बोलली का नाहीस. ही म्हणाली, "तेव्हा बोलले असते तर तुम्ही सुई सोडली असती, आणि मला घेता येत नव्हती. तुम्हाला वाटलं असतं, आपण हिच्या काही उपयोगाचे उरलो नाही. आता मला येते. आता तुम्ही खुशाल हात दाखवा."

मी हिच्या मागोमाग वरच्या मजल्यावर गेलो.

डॉक्टर तरुण होते. हात मांडीवर ठेवायला सांगितले, मग पुढे धरायला, मग पेला उचलायला, मग कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढायला. आयुष्यात इतकं वाईट चित्र मी काढलं नव्हतं आणि ते बघून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, हात स्वस्थ असताना स्थिर आहेत, काही करायला गेलं की कापतात. चालणं तपासलं, मनगटं वाकवून बघितली. कंपवात नाही. हा वयाबरोबर येणारा वेगळा थरकाप, गोळीने बराच आटोक्यात येतो, आणि याने घास भरवायची वेळ येत नाही. ते शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं कुणास ठाऊक. हिने आधी भेटून वडिलांचं सांगितलं असणार.

हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून दोघं बराच वेळ हसत होतो. येणारेजाणारे वळून बघत होते.

बरं झालं मेहुणीने बोलावलं. नाहीतर ही कधी शिकलीच नसती.

१८ मे

गोळीने फरक पडलाय. बटणं लागतात. सही अजून डुलते, पण बँकेने नव्या सहीचा नमुना घेतला.

सिस्टरने हिला विचारलं होतं की दर शनिवारी विभागात नव्या लोकांना सुई शिकवायला याल का. ही आधी नको म्हणाली. मग चार दिवस विचार केला आणि हो म्हणाली.

२० मे

आज हिचा पहिला वर्ग. हॉस्पिटलच्या लांब खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, समोर टेबल, टेबलावर पेनं आणि स्पंज. माणसं अवघडून बसलेली. सगळ्यांत पुढे एक बसड्रायव्हर, आडदांड, मानेवर घड्या, आणि मांडीवर दोन्ही हात मुठी वळून. त्याला कालच इन्सुलिन लिहून दिलं होतं. सिस्टरने त्याचं पेन पुढे केलं तसा तो खुर्ची मागे सारून दारापर्यंत गेला. म्हणाला, मी घाटात गाडी चालवतो, मला कशाची भीती नाही, पण हे नको.

ही उठली. टेबलाच्या कडेने हात फिरवत त्याच्याजवळ गेली. त्याला परत बसवलं आणि स्वतः शेजारची खुर्ची ओढली. कोणताही उपदेश केला नाही. विचारलं, गाडीचा गिअर बदलताना बघून बदलता की हाताला कळतो. तो म्हणाला, हाताला कळतो. "मग हेही हाताला कळेल," ही म्हणाली. "मला तर हा आकडाही धड दिसत नाही. ऐका."

हिने त्याच्या पेनाची चकती फिरवली आणि टक् टक् आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. भिंगातून आकडा बघितला, सिस्टरने मान हलवली. मग त्याच्या हातात पेन दिलं, त्याची जागा त्याच्याकडून ठरवून घेतली, चिमटी धरायला लावली. त्याने डोळे गच्च मिटले. ही म्हणाली, मिटा, पण मोजणं मोठ्याने. तो भरदार गडी "एक, दोन" करत मोजायला लागला, आणि पाचनंतर बाकीचेही त्याच्याबरोबर मोजायला लागले. दहा झाले. त्याने एक डोळा उघडला.

"मावशी, झालं?"

"केव्हाच," ही म्हणाली.

टाळ्या वाजल्या. तो ड्रायव्हर उभा राहून सगळ्यांना पोटावरची ती जागा दाखवू लागला. मग एकेक जण पुढे सरकला. सगळ्यांना हिच्याकडूनच शिकायचं होतं. सिस्टर हात बांधून बाजूला उभी, तिला कामच उरलं नाही.

मी मागे भिंतीशी होतो. एक नवीन आलेले गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, तुम्हीही सुई शिकायला आलात का? गल्लीत हिला आजवर सगळे पेंटरबाई म्हणत आले. पेंटरची बायको म्हणून पेंटरबाई. हिचं स्वतःचं काम होतं, नोकरी होती, तरी तेच नाव. मी त्या गृहस्थांना सांगितलं, "नाही हो. त्या शिकवतायत ना, त्यांचा मी नवरा."

ते म्हणाले, अरे वा. आणि मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.